साडेनऊ ते चार

अनेझिनी हे आमच्या नावेचं नाव.
याकुमीसकाकाच्या बायकोचंही तेच.
ती मेलबर्नला गेली त्याला अकरा वर्षं झाली;
नाव पुसायचं तर रंग विकत आणावा लागतो,
म्हणून राहिलंय.

मी सतरा वर्षांचा. जून ते सप्टेंबर माझी कामं तीन :
दोर सोडणं, दोर बांधणं, माणसं मोजणं.
आज धक्क्यावर एकोणीस.
गवती टोप्या, नाकाला फासलेलं पांढरं क्रीम,
आणि एक डॅनिश बाई, जिला
बोट सुटण्याआधीच बोट लागली.
विसावी आर्गिरोआजी. तिला तिकीट नसतं.
हातात चुन्याची बादली, तोंडाला ओलं फडकं बांधलेली,
एक ब्रश, ज्याचे केस तिच्या केसांइतकेच उरलेत,
आणि गाठोड्यात पाव, जैतून, एक कांदा.

काका भोंग्यातून सांगतो,
तीन भाषांत, तिन्ही मोडक्या :
डावीकडे गुहा, इथे सील यायचे.
पलीकडे खडक, तिथे स्पंज काढणारे यायचे.
'यायचे' एवढं एकच क्रियापद
त्याला तिन्ही भाषांत बिनचूक येतं.

मग भूशिराला वळसा घालताच काप्पारी.
करपल्या भाकरीचा पापुद्रा पाण्यावर तरंगावा,
एवढंच बेट.
सात घरं. सहांना छप्पर नाही,
सातव्याला भिंतीही नाहीत.

माणसं धपाधप पाण्यात पडतात.
आजी चढ चढते. मी बादली घेतो,
ती मध्येच काढून घेते, पुन्हा देते.
इवल्याशा चर्चची मागची भिंत तेवढी ती रंगवते,
वाऱ्याकडची, जिचा फोटो कुणी काढत नाही.
पुढची का नाही, विचारलं होतं एकदा.
"पुढची नगरपालिकेची," म्हणाली.

दुपारी ती चौथ्या घरात जेवायला जाते.
दाराशी मान वाकवते.
वर आता काहीच नाही,
चौकटीवरचा दगड भूकंपात गेला,
तिची मान मात्र अजून त्या दगडाला ओळखते.
आत भिंतीकडे तोंड करून बसते,
कांदा मुठीने फोडते.

एक लालबुंद पाठीचा माणूस आत डोकावला.
मला म्हणाला, विचार ना तिला,
इथे कुणी राहतं का?
मी विचारलं.
घास संपवून ती म्हणाली,
"राहतं की. साडेनऊ ते चार."

चारला वारा उठला.
पाणी आधी काळवंडलं, मग पांढरं फुटलं.
मी मोजले : सतरा, अठरा, एकोणीस.
पुन्हा मोजले. एकोणीसच.
धावत वर गेलो. ती तिथेच,
चपला काढून, पाय सावलीत घेऊन.
"आज नाही येत."
म्हटलं, मेल्तेमी सुटलाय, चार दिवस बोट फिरकणार नाही.
"टाक्यात पाणी आहे," म्हणाली,
जसं काही मी तहानेबद्दल बोलत होतो.

मला वाटलं काका ओरडेल.
तो गप्प वर गेला, आपला लायटर दिला,
इंजिनावर टाकायची गोधडी दिली,
जिला डिझेलचा वास येतो,
आणि उतरताना दोनदा ठेचकाळला.
परतीच्या वाटेवर भोंगा बंद होता.
डॅनिश बाई बादलीला मिठी मारून बसली होती,
आजीच्या, रिकाम्या.

धक्क्यावर बंदर पोलीस वही घेऊन उभा.
"गेले वीस. आले एकोणीस. एक कुठाय?"
काकाने आधी दोर मला फेकला,
मग सिगारेट शोधली, मग लायटर,
मग आठवलं.
"ती घरी उतरली," म्हणाला.
पोलिसाने पेन थोडा वेळ हवेतच धरलं.

आज तिसरा दिवस. वारा पडलेला नाही.
ब्रश माझ्याजवळच राहिलाय,
चुना वाळून त्याचा दगड झाला.
मी तो भिजत घातलाय, गोड्या पाण्यात,
आणि दर तासाला
बोटाने केस मोकळे करून बघतो.